गंडीपेटचे पाणी

गंडीपेटचे पाणी एकदा चाखले की माणसाचा पाय हैदराबादेतून निघत नाही, असे येथील जुनी मंडळी म्हणत. आपल्या मराठी घरांतूनही ही समजूत चांगलीच मुरली आहे. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. तो बांधला गेला तो मात्र केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मूसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. अफजलगंजातील एका चिंचेने सुमारे 150 जणांना फांद्यांवर आसरा दिला, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. पुढील वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी नाव मिळविलेल्या या स्थापत्यविशारदाने शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडविण्याचा सल्ला दिला. त्यातून मूसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले.

तलाव म्हणजे बांध आणि त्यामागचे पाणी एवढेच नव्हे. दूरवरची शेते, माळ, ओढे पाऊस झेलतात, जिरवितात आणि सावकाश तलावाकडे सोडतात. तेथे सिमेंट पसरले की पावसाळ्यात लोंढा येतो आणि उन्हाळ्यात सांडपाणी. म्हणूनच 1996 च्या 111 क्रमांकाच्या शासकीय आदेशाने 84 गावांत कारखाने, मोठी हॉटेले व वसाहती यांना मनाई केली. एका तेल कारखान्याला सूट देण्यास सर्वोच्च न्यायालयानेही 2000 साली नकार दिला.

एप्रिल 2022 मध्ये मात्र सरकारने हे निर्बंध उठविण्याचा आदेश काढला. कारण असे की, शहराच्या पाण्यात या तलावांचा वाटा आता सव्वा टक्काही नाही. हिशेब खरा असेल. पण त्यात पूर कोठे आहे? 2020 च्या ऑक्टोबरात हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले होते, त्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. आणि चिलकूरच्या मृगवनी उद्यानातील चितळ-सांबरांच्या सभोवती इमारती उठल्या, तर त्यांनी जावे कोठे?

शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र खोटे म्हणवत नाही. हद्दीपलीकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आणि यांना नांगराशिवाय गत्यंतर नाही. जमीन मोकळी राखण्याचा मोबदला शहराने त्यांना दरसाल द्यावा, हे आम्हांस अधिक न्याय्य वाटते. पाणीपट्टीत त्यासाठी चार पैसे वाढले, तरी आम्ही कुरकुर करणार नाही.