स्मार्ट नगरे आणि धाब्याची घरे

केंद्र सरकारचे स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपले. १०० शहरांच्या यादीत पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर आदी शहरे होती. जळगाव व धुळे नव्हती. मग जळगावजवळच्या असोद्याने, बहिणाबाई चौधरींच्या माहेराने, या विषयाची दखल का घ्यावी?

कारण तंत्रज्ञान यादी पाहून येत नाही. खोली रिकामी होताच दिवे मालवणारी, जलवाहिनीची गळती कळविणारी सेन्सरयंत्रे आता खेड्यातील शाळेतही बसविता येतात. फेब्रुवारी २०२४ मधील पीएम सूर्यघर योजनेने घरावरील ३ किलोवॉटच्या सौर संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे.

तरीही एक चिंता आम्हांस सतावते. सेवा मोबाईलवर गेली की खिडकीमागचा माणूस उठून जातो. जिला स्मार्टफोन हाताळता येत नाही, त्या आजीने तक्रार कोठे न्यावी? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नगररचनेच्या सौंदर्याहूनही तेथील माणसांचे जीवनमान मोलाचे मानले. तीच कसोटी येथेही लागू पडते.

खानदेशातील धाब्याच्या घरांनी जाड भिंती व मातीच्या छताच्या बळावर, विजेवाचून, कडक उन्हाळे सोसले. म्हणून नवी वास्तू बांधताना आपण आधी सावली, वारा व पाणी पाहावे; यंत्रे त्यानंतर. आणि प्रत्येक ॲपसोबत गाऱ्हाणे ऐकणारा एक माणूस असावा, असा आग्रह आपण ग्रामसभेत धरावा.