उपकर आहे, पाठबळ हवे

घरपट्टीच्या पावतीवर मूळ कराखाली आणखी कोणत्या रकमा मिळवल्या आहेत, हे वाचून पाहण्याची तसदी घेणारा नागरिक विरळाच. बीदर शहरालगतच्या नौबादमध्ये घर बांधून राहणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण घ्या. त्याच्या पट्टीत आरोग्य आणि भिक्षुक-निर्मूलन या उपकरांच्या जोडीला ग्रंथालय उपकरही असतो. कर्नाटकाच्या 1965 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने तो लागू केला असून आज त्याचा दर मालमत्ता कराच्या 6 टक्के आहे. म्हणजे 2,000 रुपये कर भरणारा माणूस वर्षाला 120 रुपये ग्रंथालयासाठी मोजतो. पण ते आपण मोजतो, हे त्यास ठाऊक नसते; आणि आपण पैसा दिला हेच ज्यास ठाऊक नाही, तो त्याचा हिशेब कसला मागणार? सार्वजनिक ग्रंथालयांच्या दारिद्र्याचे खरे मूळ येथे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सागरकिनाऱ्यावरील वाचकांनी दूरच्या बीदरकडे पाहावे ते एवढ्याचसाठी की, ग्रंथालयाचा पैसा कोठून यावा या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे एकाच जुन्या जिल्ह्याच्या भूमीवर पाहावयास मिळतात. निजामाच्या राजवटीतून 1948 मध्ये मुक्त झालेल्या हैदराबाद राज्याने 1955 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे गेले व आज तेलंगणात आहेत. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. एकाच बाजारात धान्य विकणारी आणि एकमेकांकडे सोयरिकी करणारी ही गावे तीन कायद्यांखाली विभागली गेली. कर्नाटकात 6 टक्के उपकर, तेलंगणात 8 टक्के उपकर, आणि महाराष्ट्रात उपकर मुळीच नाही. तेथे केवळ शासकीय अनुदान.

मग ज्या बाजूस उपकर आहे तेथे ग्रंथालये धनवान झाली आणि जेथे नाही तेथे कंगाल राहिली, असे दिसते काय? तसे म्हणता येत नाही. उपकर वसूल करते नगरसंस्था. तो खर्च करावयाचा असतो ग्रंथालय प्राधिकरणाने. या दोहोंच्या मध्ये पैसा अडतो. खुद्द बंगळूरच्या महापालिकेकडे ग्रंथालय उपकराची कोट्यवधींची थकबाकी साचल्याची ओरड वर्षानुवर्षे होत आली आहे. राजधानीची ही रीत, तर आडगावांनी कोणाचा कित्ता गिरवावा? रस्त्यात खड्डा पडला तर नगरसेवकाच्या दारी माणसे जातात. नळाला पाणी आले नाही तर घागरींचा मोर्चा निघतो. ग्रंथालयात वर्षभर नवे पुस्तक आले नाही म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. लोकप्रतिनिधी हा मुळात दुष्ट नसतो. तो कान देतो तो आवाजाला, आणि ग्रंथालयाच्या बाजूने आवाजच उठत नाही.

महाराष्ट्राची कथा निराळी असली तरी तात्पर्य तेच. 1967 च्या कायद्याने उपकराची वाट सोडून अनुदानाची वाट धरली. लोकांनी संस्था काढावी, शासनाने तिला मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवावे आणि वर्गानुसार साहाय्य करावे, अशी ही रचना. तिचा मोठा गुण असा की, अकरा-बारा हजार ग्रंथालये लोकांच्या उमेदीतून उभी राहिली. दोष असा की, अनुदान वाढवावयाचे की नाही, हे दरवेळी मंत्रालयाच्या मर्जीवर राहिले. 2012 नंतर दहा वर्षे महागाई वाढत राहिली, अनुदान मात्र जागचे हलले नाही. 2022 मध्ये 60 टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 वरून 48,000 रुपयांवर गेले. महिन्याचे 4,000 रुपये! त्यातूनच ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीज आणि पुस्तके. नोकरदारांचे महागाई भत्ते वाढतात, कारण त्यांच्या संघटना आहेत. वाचकांची संघटना कोठे आहे?

ग्रंथालय एका आश्रयदात्याच्या बळावर फार काळ तगत नाही, याची साक्ष बीदरमध्येच उभी आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने 1472 च्या सुमारास तेथे भव्य मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात 3,000 हस्तलिखिते होती असे सांगतात. 1481 मध्ये सुलतानाने या वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे मोगलांच्या काळात त्याच वास्तूत दारूगोळा साठविला गेला आणि 1696 मध्ये स्फोट होऊन तिचा मोठा भाग कोसळला. ज्ञानाच्या कोठारात दारूगोळा यावा, हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. ज्या संस्थेचा धनी एकटा राजा किंवा एकटा वजीर असतो, तिची सत्ता बदलताच हीच गत होते. आजचे मंत्री आणि आजचे जिल्हाधिकारी यांच्या सदिच्छेवर उभी राहिलेली ग्रंथालयेही या नियमास अपवाद नाहीत.

याउलट बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव महाराज तर साक्षात राजे. मनात आणते तर खजिन्यातून प्रत्येक गावी ग्रंथालय बांधून देते. त्यांनी तसे केले नाही. अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डन यांस 1910 मध्ये पाचारण करून त्यांनी जी योजना आखली तिचे सूत्र तीन वाट्यांचे होते: गावाने जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. या सूत्रात मोठे शहाणपण आहे. ज्याने स्वतःच्या खिशातून पंचवीस रुपये दिले तो उरलेल्या पन्नासांचाही जाब विचारतो. कोल्हापूर संस्थानाने तर 1945 मध्ये, मद्रासच्या 1948 च्या कायद्याच्याही आधी, ग्रंथालयांचा कायदा केला. या देशातील ग्रंथालय-कायद्याची पहिली वीट मराठी मुलखाने रचली, हे आपण विसरलो आहोत.

लोकांचे पाठबळ संघटित करणे म्हणजे काय, हे मात्र केरळाकडून शिकावे. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने 1945 मध्ये अंबलप्पुळा येथे 47 ग्रंथालयांचे प्रतिनिधी एकत्र आणले. त्या मेळाव्यातून संघ उभा राहिला, संघाने गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालविले आणि 1975 मध्ये युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळविला. 1989 मध्ये तेथे कायदा झाला, तोही उपकराचाच. परंतु त्याच्या मागे चार तपांची चळवळ होती आणि ग्रंथालय परिषद तालुक्यापासून राज्यापर्यंत निवडणुकीने बनते. आधी माणसे जोडली, मग कायदा झाला. आपण उलट केले. कायदा करून मोकळे झालो आणि माणसे जोडावयाची राहून गेली. नुसता कायदा पुरत नाही, याला इंग्लंडही साक्ष आहे. तेथे 1964 च्या कायद्याने ग्रंथालयसेवा हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. तरी 2010 नंतरच्या काटकसरीत शेकडो ग्रंथालयांना टाळे लागले.

नौबादच्या भूमीखाली बहमनी काळातली करेझ आहे. जमिनीच्या पोटातून हलक्या उताराने पाणी वाहून नेणारे हे भुयार, त्यावर अंतराअंतराने विहिरीसारखी उघडी तोंडे. त्या तोंडांतून आत उतरून गाळ काढला जाई, म्हणून पाणी वाहत असे. काढणारे हात थांबले आणि गाळ साचला. गेल्या दशकात तो उपसण्याचे काम हाती घेतले गेले. ग्रंथालय उपकराचेही असेच आहे. पाणी आहे, भुयार आहे. तुंबला आहे तो गाळ. तो एकदाच उपसून भागणार नाही, दरवर्षी उपसावा लागेल.

यासाठी काय करावे? प्रथम, उपकर किती जमला, किती पोचविला आणि त्यातून कोणती पुस्तके आली, हा हिशेब प्रत्येक ग्रंथालयाच्या दारावर वर्षातून एकदा लावावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. दारावर हिशेब लागत नसेल तर वाचकांनी अर्ज करून तो मिळवावा. दुसरे, नगरपालिकेच्या निवडणुकीआधी सर्व पक्षांच्या उमेदवारांना ग्रंथालयात बोलावून एकच प्रश्न विचारावा: थकबाकी केव्हा देणार? एका पक्षाची पालखी ग्रंथालयाने कदापि उचलू नये. तो पक्ष पडला की ग्रंथालयही पडते. तिसरे, पाठीराख्यांचे वर्तुळ कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांपुरते ठेवू नये. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, दुपारी सवड मिळणाऱ्या गृहिणी, पेन्शनर आणि बाजारभाव पाहू इच्छिणारा शेतकरी हे सारे ज्या खोलीत येतात, ती खोली बंद करण्याचे धाडस कोणी करीत नाही. कर्नाटकाने 2019 मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून मुलांसाठी वाचनाचे उपक्रम सुरू केले. पंचायतीच्या सदस्यास ग्रंथालय आपले वाटू लागते ते अशाच मार्गाने.

चौथी गोष्ट नाजूक आहे; पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बीदर जिल्ह्यात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात भाषेविषयी जी व्यथा आहे ती आम्ही जाणतो, आणि ती खरी आहे. परंतु मराठी पुस्तकांचे कपाट उपकार म्हणून मागू नये आणि भांडण म्हणूनही मागू नये. करदात्याचा हक्क म्हणून मागावे. ज्याने सहा पैसे दिले त्याची भाषा कपाटात असली पाहिजे, आणि त्याच न्यायाने शेजाऱ्याचीही. मराठी वाचक कन्नड व उर्दू कपाटांसाठी उभा राहील, तर त्याच्या मागणीस चौपट बळ येईल. भाषांच्या भांडणात ग्रंथालय सापडले तर पैसे न देण्यास सरकारला आयतेच निमित्त मिळते.

हे सारे बीदरला सांगताना आपल्या किनाऱ्यानेही आरशात पाहावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चे. वारसा मोठा आहे. गोव्याने 1993 च्या कायद्यात मद्यावर ग्रंथालयासाठी उपकर बसविला. पिणाऱ्याने वाचणाऱ्यास हातभार लावावा, ही कल्पना गमतीची खरी, पण त्या पैशाचा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी विचारला? गणेशोत्सवाच्या वर्गणीतील एकावन्न रुपयांचा जमाखर्च आपण मंडळाकडून फलकावर लिहून घेतो. ग्रंथालयाच्या पैशासाठी तेवढीच खबरदारी घेतली, तरी नौबादपासून पणजीपर्यंत पुष्कळ कपाटे भरतील. मागणारे जागे असले, तर देणाऱ्यास झोप येत नाही.