गच्चीवरची शेगडी आणि आपली जयणा



मागच्या महिन्यात सामायिक झाल्यावर आसनं गुंडाळताना एकीने मला विचारलं, "तुमच्या गच्चीवर म्हणे बार्बेक्यू आलाय?" विचारलं हळू आवाजात, पण ऐकलं सगळ्यांनी. मी "हो" म्हटलं. मग दुसरी म्हणाली, "आता तुमच्याकडेही?" त्या "ही"मध्ये सगळं आलं. घरी आले तर माझ्या मोठ्या नणंदबाईंचा निरोप होता, "तुमच्या घरी आता पाणी घ्यायचं की नाही ते विचार करून सांगते." त्याला आज पाच आठवडे झाले. त्या अजून आलेल्या नाहीत.

म्हणून हा लेख. मला बचाव करायचा नाही, हिशेब मांडायचा आहे. बीएमसीसीतून बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला लिहिल्याशिवाय मला अजूनही काही पटत नाही.

आधी नावे बाजू. तीन वर्षांपूर्वी सूनबाईने हीच गोष्ट मागितली होती. मी एका वाक्यात मोडीत काढली, "हे आपल्यात चालत नाही." ती गप्प बसली. पण मुलांची हौस गप्प बसत नाही. दर पंधरवड्याला शनिवारी सगळे बाहेर जाऊ लागले, जिथे टेबलावरच निखारे ठेवतात तिथे. जेवण रात्री दहाला. एकदा नातवाने घरी येऊन मला विचारलं, "आजी, आपल्या पनीरच्या आधी त्या जाळीवर काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घरात जाळी येऊ दिली नाही, म्हणून माझा नातू रात्री दहाला परक्या जाळीवरचं खाऊन आला. हा माझ्या नकाराचा खर्च. तो मी तीन वर्षं वहीत लिहिलाच नव्हता.

आता ज्याला आपण "बार्बेक्यू" म्हणून नाक मुरडतो ते यंत्र काय आहे ते पाहू. पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, पेन्सिलीइतक्या जाड गोळ्यांवर चालणारी शेगडी. बाजूच्या डब्यात गोळ्या भरायच्या. एक मळसूत्र फिरत फिरत त्या थोड्या थोड्या लोखंडी वाटीत टाकतं, विजेची कांडी त्या पेटवते, छोटा पंखा हवा देतो आणि आपण ठरवलेलं तापमान यंत्र स्वतः राखतं, साधारण ८० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना बाजारात आणली. त्याआधी तिकडे अशाच गोळ्या घर गरम ठेवायला वापरत होते.

आणि पुण्याला ही गोष्ट नवी मुळीच नाही. 'ऊर्जा' नावाची गोळ्यांवरची चूल आठवते का? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बीपी कंपनीने ती २००६ साली आणली आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने चालवली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्या आणि बॅटरीवरचा पंखा. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या खेड्यांत ती मोठ्या प्रमाणावर विकली गेली. कोणासाठी? धुराने डोळे गेलेल्या बायकांसाठी. माझी आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यात चुलीपुढे आयुष्य काढून दम्याने गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यामुळे "गोळ्यांची शेगडी म्हणजे मांस खाणाऱ्यांचं खेळणं" असं कोणी म्हणालं की मला आईचा खोकला आठवतो. विस्तवाला जात नसते, बायांनो. त्यावर काय ठेवायचं ते आपण ठरवतो.

पण 'ऊर्जा'चा दुसरा धडाही लक्षात ठेवा. पुढे गोळ्या महागल्या, उसाच्या चिपाडाला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली आणि घरोघरच्या चुली कोपऱ्यात गेल्या. शेगडी एकदाच घ्यायची असते, जळण दर वेळी. जळण कुठून आणि कितीला मिळेल याची चौकशी न करता शेगडीचा रंग बघणारी बाई व्यवहारात फसणारच.

आता धर्माच्या बाजूचा आक्षेप. तो मी हलका करून सांगणार नाही, कारण तो खरा आहे. अग्नी पेटवणं म्हणजे तेउकायाची विराधना. पोटासाठी चूल पेटवणं ही गृहस्थाची अडचण, पण जिभेसाठी आणखी एक विस्तव पेटवणं हा वाढीव आरंभ. मान्य. अगदी मान्य. पण मग हाच नियम सगळीकडे लावा ना. हिवाळ्यात हुरडा पार्टीला शेतावर आगटी पेटते, तिथे आपण गोवऱ्या झटकून पाहतो का? शेतघरी गोवऱ्यांच्या ढिगात बाट्या पुरतो, तेव्हा त्या ढिगातल्या किड्यांचं काय? सिंहगडाच्या वाटेवर अंधार पडल्यावर निखाऱ्यावरचं कणीस खातो, तेव्हा चौविहार कुठे जातो? आणि आपल्या लग्नांत रात्री अकरापर्यंत तंदूर धगधगत असतो, दिव्यांवर पाखरांचे थवे पडत असतात, त्या रांगेत ताट घेऊन उभ्या असणाऱ्यांत मंडळाच्या बायकाही असतात. मीही असते. तिथे आपल्याला जयणा आठवत नाही, कारण पत्रिकेवर "बार्बेक्यू" असा शब्द नसतो.

म्हणजे आपला राग विस्तवावर नाही, शब्दावर आहे. शब्दावर रागावून एकही जीव वाचत नाही.

वाचतो तो मर्यादेने. सातवं व्रत, भोगोपभोग परिमाण, त्यासाठीच आहे. आमच्या घरी सून, मुलगा आणि मी बसून मर्यादा ठरवली आणि पच्चक्खाण घेतलं. महिन्यातून एकदाच. सूर्यास्ताआधी खाऊन, जाळी पुसून, झाकण लावून मोकळं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेतीनला पेटवायची. शनिवार रात्रीची बाहेरची जाळी बंद. आषाढी चौदसीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत शेगडी गोणपाटात बांधलेली.

चातुर्मासाचा नियम नुसता श्रद्धेचा नाही. या गोळ्यांना ओल अजिबात चालत नाही. पुण्याच्या जुलैत पोतं उघडं राहिलं की गोळ्या फुगून भुसा होतात, तो भुसा मळसूत्रात घट्ट बसतो आणि यंत्र अडतं. आणि ओल्या लाकडावर फुलण आली तर ती जाळणं आपल्याला चालणारच नाही. म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा आणि पेटवण्याआधी गोळ्या परातीत ओतून पाहायच्या, जसे आपण तांदूळ पाहतो. आपल्या आज्या प्रत्येक लाकूड आपटून चुलीत सारत. तेच हे. डब्यात कोरड्या राहिलेल्या गोळ्या त्या लाकडापेक्षा पाहायला सोप्या, कारण त्यांच्यात पोकळी नाही, साल नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

लहानात लहान घ्या. ही यंत्रं मोठी आणि महाग होतात ती मांसासाठी. मांसाचा जाड तुकडा मऊ व्हायला मंद आचेवर दहा-बारा तास लागतात, आणि तेवढा वेळ एकसारखी आच राखणं हीच या यंत्राची खरी कमाल. आपल्याला ती लागतच नाही. कणीस वीस मिनिटांत होतं, पनीर-ढोबळी मिरची त्याहून लवकर, बाट्यांना पाऊण तास. मुलगा मोठ्या चार पायांच्या ग्रिलकडे बोट दाखवत होता. मी विचारलं, "यातला कितवा हिस्सा आपण वापरू?" तो गप्प. न वापरायच्या गोष्टीला पैसे देणं म्हणजे परिग्रह, आणि बी.कॉम.च्या भाषेत बुडीत भांडवल.

वापरलेली किंवा दुकानात प्रात्यक्षिकाला ठेवलेली कधीही घेऊ नका. तिच्यावर आधी काय भाजलं ते कोणी खरं सांगत नाही. खोकं आपल्यासमोर उघडायला लावा. पहिल्यांदा रिकामी तापवून घेताना जाळीला तेल लावायला सांगतात, ते आपल्या घरचं शेंगदाण्याचं लावा.

गोळ्या स्वयंपाकासाठीच्याच, नुसत्या लाकडाच्या. बॉयलरसाठी मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांत प्लायवूडचा नि रंगवलेल्या लाकडाचा भुसा असू शकतो. त्या धुरात अन्न ठेवायचं नाही. आणि पोत्यावरचं बारीक अक्षर वाचा. काही गोळ्या व्हिस्कीच्या पिंपांच्या लाकडाच्या असतात आणि तीच त्यांची जाहिरात असते. तयार बार्बेक्यू सॉसही नको, त्यात बहुधा कांदा-लसणाची पूड असते, कुठे मध, आणि वूस्टर सॉस असेल तर त्यात चक्क मासा. आपलं दही, बेसन, जिरं, आमचूर, हिरवी मिरची बास आहे.

अमेरिकेहून भाचा आणतोय म्हणून हुरळू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. नुसता पिनेचा जोड बदलून भागत नाही. आणि मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, वाटीतला विस्तव धुमसत राहतो आणि मळसूत्रातून डब्याकडे मागे सरकू शकतो. बंद करतानाही सरळ प्लग उपटायचा नाही, यंत्राला स्वतः विझू द्यायचं.

बंद गॅलरीत, काचा लावलेल्या बाल्कनीत कदापि नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. गच्चीवरसुद्धा पहिली दहा मिनिटं पांढरा धूर होतो. आमच्या शेजारच्या काकांना दमा आहे, म्हणून आम्ही आधी फोन करतो आणि वारा त्यांच्याकडे असेल तर त्या दिवशी पेटवत नाही. हीसुद्धा अहिंसाच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये तिथल्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडायला मुदत घालून दिली. उद्या आपल्या गच्चीवरही कोणी बोट ठेवलं तर मी भांडणार नाही, शेगडी विकून टाकीन.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगते, बऱ्याच घरांना हे घ्यायची गरजच नाही. नुसत्या बाट्या आणि पनीर हवं असेल तर गॅसवरचा छोटा तंदूर पुरतो. नुसता धुराचा वास हवा असेल तर धुंगार आहेच: वाटीत एक निखारा, वर साजूक तुपाचा थेंब, पाच मिनिटं झाकण. डाळीला, ताकाला, दुधीच्या भरताला. हे धूर देणं आपल्या सासवांना येत होतं, त्यासाठी परदेशी यंत्र लागलं नव्हतं. आम्ही शेगडी घेतली ती चवीसाठी कमी आणि शनिवारची रात्र घरी परत आणण्यासाठी जास्त. तुमच्याकडे तो प्रश्न नसेल तर पैसे वाचवा, जीवदयेला द्या.

आमचा जमाखर्च असा. दिवाळीनंतर सहा वेळा पेटवली. गोळ्या संपल्या पाच किलोच्या आत. बाहेरची रात्रीची जेवणं त्याआधीच्या सहा महिन्यांत बारा, या सहा महिन्यांत एक, तेही मुलाच्या ऑफिसचं. नातू आता स्वतः गोळ्या परातीत पसरून पाहतो. जयणा हा शब्द त्याला पाठशाळेत पाठ होता, हाताला आता माहीत झाला.

आणि नावे बाजूला एकच मोठी रक्कम आहे: माझ्या नणंदबाई. सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या लग्नात मला हाताला धरून घरात आणणाऱ्या. त्या हे वाचतात हे मला माहीत आहे, भाची वाचून दाखवते. ताई, येत्या रविवारी दुपारी तीनला या. जाळी आधी तुम्ही स्वतः पाहा, पुसा, गोळ्या हातात घ्या. पटलं तर बाटी घ्या. नाही पटलं तर खाली गॅसवर तुमच्यासाठी मुगाची डाळ आणि फुलका तयार असेल. पण पाणी आमच्याकडचं घ्या.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.