अद्रक कँडीचा पाक आणि उसाचे मीटर

फुलंब्री तालुका अद्रकाचा. २०२३ साली अद्रकाने जो भाव दाखवला तो पुढे टिकला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाव पडल्यावर माल फेकून देण्यापेक्षा कँडी करावी, हा विचार म्हणून बचत गटांत धरू लागला. विचार चांगलाच आहे. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले. प्रस्तावात ड्रायर येतो, चकत्यांचे यंत्र येते, पॅकिंग मशीन येते. पाक मोजायचे साधन मात्र माझ्या पाहण्यात क्वचितच येते. ते म्हणे ‘घरी आहे’.

घरी असते ते उसाचे. देवगिरी कारखाना चालू होता त्या काळापासून ब्रिक्स हा शब्द इथल्या ऊसवाल्यांना नवा नाही. पण उसाच्या हँड रिफ्रॅक्टोमीटरवर आकडे ० ते ३२. पक्व उसाचा रस २० च्या आसपास, त्याला ते पुरते. कँडीचा पाक मात्र ४० पासून रोज थोडा वाढवत ७० च्या वर न्यायचा असतो. तो या मीटरमध्ये दिसणारच नाही.

मग बायका पाकात पाणी घालून मोजतात. एका गटाने असेच केले. ५० ग्रॅम पाक, १०० ग्रॅम पाणी, मीटर म्हणाले साडेतेवीस, तिपटीने साडेसत्तर. सगळे खूश. पंधरा दिवसांत कँडी चिकट झाली, काही पाकिटांत बुरशी दिसली. मी ते मीटर मागवून नुसते शुद्ध पाणी टाकले, तर काटा दीडवर! म्हणजे खरे २२ होते आणि पाक ६६ चाच. मीटरची दीडाची चूक तिप्पट होऊन साडेचारांची झाली. (हिशेब मात्र त्यांचा बरोबर होता, हे सांगायला हवे.) दुसरीकडे एक वाटी पाक, दोन वाट्या पाणी असे मापाने घेतात. पाक पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ७० चा पाक सुमारे ८४ दाखवतो. वजन करूनच घ्यावे.

शून्य जुळवायला पाच मिनिटे लागतात. काच पुसून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा. निळ्या-पांढऱ्याची रेघ शून्यावर नसेल तर वरचा स्क्रू हळूच फिरवा. मग २० ग्रॅम साखर ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून बघा, २० च यायला हवेत. मीटरचे आकडे २० अंश तापमानाला धरलेले असतात. आपल्या चाळीस अंशाच्या उन्हाळ्यात आपोआप दुरुस्ती नसलेले मीटर दीडेक ब्रिक्स कमी सांगते. म्हणून पाणी, पाक आणि मीटर एकाच सावलीत ठेवून त्याच वेळी शून्य जुळवावे. कढईतला गरम थेंब टाकू नये. पाक झाकून थंड करावा, फडक्यातून गाळावा, नाहीतर अद्रकाच्या रेषांमुळे रेघ धूसर दिसते.

खरा उपाय ५८ ते ९० आकड्यांचे मीटर. त्यात पाण्याने शून्य दिसत नाही. सोबतच्या तेलाने, बाटलीवर लिहिलेल्या आकड्याला जुळवावे लागते. तेल नसेल तर ६५ ग्रॅम साखर, ३५ ग्रॅम पाणी झाकून मंद आचेवर विरघळवा, उडालेले पाणी वजनाने भरून काढा आणि थंड करून ६५ येतात का पाहा.

आणखी एक. पाक आज ७० दाखवतो म्हणजे अद्रकाची फोड ७० झाली असे नाही. फोडीतले पाणी रात्रभर बाहेर येते आणि सकाळी आकडा खाली येतो. तो दोन दिवस जागचा हलला नाही, की फोड भरली. अन्न सुरक्षा नियमात कँडीला किमान ७० टक्के एकूण साखर लागते. मीटर पाकात विरघळलेले सगळेच मोजते, त्यामुळे विक्रीपूर्वी एक घाणा प्रयोगशाळेत दाखवणे भागच आहे.

ग्रामपंचायत अधिकारी आणि गटाच्या अध्यक्षांनी कोटेशनवर सही करताना ५८ ते ९० चे मीटर, त्याचे तेल आणि एक ग्रॅमचा वजनकाटा यादीत आहे का, एवढे बघावे. ड्रायरच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.