सूट दलालाची, तूट गिऱ्हाइकाची

शेअरबाजाराचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची उदासीनता पसरते. तो धनिकांचा जुगारअड्डा आहे, तेथे कोण तरला आणि कोण बुडाला याच्याशी कापूस वेचणाऱ्या मजुरणीला काय कर्तव्य, असा या उदासीनतेमागचा युक्तिवाद असतो. एके काळी तो पुष्कळसा खरा होता. आज तो आत्मवंचनेचा ठरतो. जुगाराचा अड्डा आता मुंबईच्या दलाल स्ट्रीटपुरता राहिलेला नाही. तो समुद्रपूर, कारंजा आणि आष्टीच्या तरुणांच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसला आहे, आणि वेचणीची मजुरी करणाऱ्या आईने मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात जाऊ लागले आहेत. म्हणून शेअरबाजार कोणाकडून किती शुल्क घेतो आणि ते घेताना कोणाला किती सूट देतो, हा प्रश्न आता आपलाही झाला आहे.

वर्धा जिल्ह्याचा आणि शेअरबाजाराचा संबंध तसा जुनाच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वर्ध्याला रेल्वे अद्याप पोहोचायची होती. लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाणारा हिंगणघाटचा कापूस तेव्हा बैलगाड्यांवर लादून बाहेर जात होता. त्या कापसाच्या पैशावर मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या साथीदारांनी शेअरांचा जो सट्टा मांडला, तो १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. कापूस पिकवणाऱ्याच्या घामातून निर्माण झालेली संपत्ती सट्टेबाजांच्या हाती गेली आणि तेथेच जळून खाक झाली. त्या वेळी जिल्ह्यातून कापूस गेला होता. आज तरुणांची बचत जात आहे. जाण्याची दिशा मात्र तीच आहे.

ही बचत कशी जाते, ते शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’ या सरकारी नियामक मंडळानेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नोंदवले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे वायद्यांच्या व्यवहारांत उतरलेल्या सुमारे १ कोटी १३ लाख व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. त्यांचे एकूण नुकसान १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेले. २०२३-२४ मध्ये या व्यवहारांत उतरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते. ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातील मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे वर्ध्यासारख्या गावांचे. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे धनिकांचे चित्र आहे असे कोणी म्हणेल काय?

आता शुल्काचा मुद्दा घेऊ. प्रत्येक व्यवहारावर शेअरबाजार आपले शुल्क आकारतो. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत त्याची रचना टप्प्याटप्प्यांची होती. ज्या दलालाची महिन्याची उलाढाल मोठी, त्याला शुल्काचा दर कमी. दलाल मात्र आपल्या गिऱ्हाइकाकडून रोजच्या रोज वरच्या टप्प्याच्या दराने शुल्क वसूल करी, महिनाअखेर शेअरबाजाराकडे खालच्या टप्प्याच्या दराने भरणा करी, आणि मधला फरक स्वतःकडे ठेवी. गिऱ्हाइकाच्या हिशेबपत्रकावर हा पैसा ‘शेअरबाजाराचे शुल्क’ या नावाखाली दिसे. त्यातला एक भाग शेअरबाजाराकडे कधी पोहोचतच नव्हता.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. अडत्याने शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई एका दराने कापावी, मापाऱ्याच्या हातावर त्याहून कमी दराने पैसे टेकवावेत आणि उरलेले गल्ल्यात टाकावेत, असा प्रकार बाजार समितीच्या आवारात उघडकीला आला तर काय होईल? सायंकाळपर्यंत लिलाव बंद पडतील आणि समितीच्या सचिवांना घेराव पडेल. शेअरबाजारात हाच प्रकार वर्षानुवर्षे, नियमांच्या चौकटीत राहून, देशातील नामांकित पेढ्यांकडून चालला होता. तिथल्या लोकांनी त्याला ‘रिबेट’ असे सभ्य नाव दिले होते.

या कमाईचा आकार लहान नव्हता. झीरोधा या मोठ्या दलालपेढीचे प्रमुख नितीन कामत यांनी आपल्या पेढीच्या उत्पन्नाचा सुमारे दहा टक्के भाग या फरकातून येतो, असे स्वतःच जाहीर केले होते. इतर काही पेढ्यांत हे प्रमाण याहून बरेच मोठे असल्याचेही त्यांनी म्हटले होते. १ जुलै २०२४ रोजी सेबीने परिपत्रक काढून टप्पे रद्द केले, सर्व दलालांना एकच दर लावण्याचा आदेश दिला आणि गिऱ्हाइकाकडून शुल्काच्या नावाने घेतलेली रक्कम शेअरबाजाराकडे तेवढीच पोहोचली पाहिजे असे बजावले. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा आदेश अमलात आला. अमेरिकेतील नियामक आयोगानेही त्याच सप्टेंबर महिन्यात शेअरबाजारांच्या शुल्कावरील कमाल मर्यादा खाली आणणारा आणि शुल्क व सूट किती हे व्यवहाराच्या क्षणीच ठरलेले असावे असा नियम मंजूर केला. भांडवलशाहीच्या माहेरघरीही या सवलतींचा वास लपून राहिला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

सेबीचे हे पाऊल योग्य होते, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. मोठ्याला स्वस्त आणि लहानाला महाग हे तत्त्व जेथे जेथे मोडून पडेल तेथे समाजवाद्याने त्याचे स्वागतच करावे. पण स्वागत करून हात झटकण्यासारखी परिस्थिती नाही. ही सुधारणा मध्यस्थांच्या आपापसांतील वाटणीची आहे. लुटीचा मुख्य प्रवाह तिने अडवलेला नाही.

साधा हिशेब मांडून पाहू. बदलापूर्वी राष्ट्रीय शेअरबाजारावरील ऑप्शनच्या एक लाख रुपयांच्या प्रीमियममागे गिऱ्हाइकाकडून सर्रास ४९ रुपये ५० पैसे शुल्क घेतले जाई. नवा एकसमान दर ३५ रुपये ३ पैसे झाला. म्हणजे एका खरेदी-विक्रीत सुमारे २९ रुपये वाचले. पण त्याच १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ऑप्शनच्या विक्रीवरील रोखे व्यवहार कर ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का केला, म्हणजे लाखामागे ३७ रुपये ५० पैशांची वाढ केली. वस्तू व सेवा कर बाजूला ठेवला तरी गिऱ्हाइकाच्या पदरी साडेआठ रुपयांचा जादा खर्चच आला. दलालाच्या खिशातून काढलेले पैसे सरकारी तिजोरीने वाटेतच उचलले. बुडणारा होता तेथेच राहिला. सेबीच्याच पुढच्या पाहणीनुसार २०२४-२५ या वर्षात ९१ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचे एका वर्षाचे नुकसान १ लाख ५ हजार कोटींवर पोहोचले.

हा पैसा जातो कोठे? २०२३-२४ या एका वर्षात सर्वसामान्य व्यक्ती व इतर लहान घटकांनी ६१ हजार कोटींहून अधिक गमावले, तेव्हा स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. त्यांच्या नफ्यातील ९६-९७ टक्के भाग यंत्रांनी आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला होता. देवळीचा एखादा पदवीधर दुपारी फोनवर बोट ठेवतो तेव्हा समोर बसलेले गिऱ्हाईक कोण असते, ते या आकड्यांवरून ध्यानात यावे. शिवाय हरणाऱ्याला हरण्याचे भाडेही भरावे लागते. तीन वर्षांत सामान्य व्यक्तींनी या व्यवहारांच्या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये भरले. त्यातील ५१ टक्के दलाली होती आणि २० टक्के शेअरबाजारांचे शुल्क. राष्ट्रीय शेअरबाजाराचा निव्वळ नफा २०२४-२५ मध्ये १२ हजार कोटींच्या पुढे गेला, याचे रहस्य वेगळे शोधण्याची गरज उरत नाही.

येथे बाजारवादी पंडितांचे दोन आक्षेप येतात. पहिला असा की या सवलतीमुळेच शेअर घेऊन ठेवणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला दलाली माफ होती. सवलत गेल्यावर त्याचेच नुकसान झाले. यातील वस्तुस्थिती खरी आहे. एंजल वन या पेढीने १ नोव्हेंबर २०२४ पासून अशा व्यवहारांवर २० रुपये किंवा ०.१ टक्का, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, दलाली लावली. पण या आक्षेपातून सिद्ध काय होते? फुकट म्हणून जे दिले जात होते त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरत होता. सेवेचे मूल्य ज्याने त्याने उघडपणे द्यावे. कर्ज काढून सट्टा खेळणाऱ्या पोराच्या तोट्यावर दुसऱ्याची बचत स्वस्त व्हावी, यात कोणता न्याय आहे?

दुसरा आक्षेप नेहमीचाच. कोणी कोणावर सक्ती केलेली नाही. प्रौढ माणसे आपल्या मर्जीने जोखीम घेतात. मर्जीची ही भाषा सावकारही बोलत असे. पुलगावच्या कापडगिरणीचा भोंगा थांबला, नोकरभरतीच्या परीक्षा वर्षानुवर्षे रेंगाळतात, सोयाबीन कवडीमोलाने विकावे लागते, आणि अशा स्थितीत ‘घरबसल्या रोज हजार कमवा’ असे सांगणारी चित्रफीत फोनवर अखंड चालू असते. या परिस्थितीत घेतलेल्या निर्णयाला स्वेच्छा म्हणणे ही थट्टा आहे. दलालाला प्रत्येक व्यवहारामागे पैसे मिळतात, शेअरबाजारालाही प्रत्येक व्यवहारामागे मिळतात. मग गिऱ्हाइकाने थांबावे, विचार करावा, यात हितसंबंध कोणाचा? जुन्या टप्प्यांच्या रचनेने तर उलाढाल फुगवणाऱ्या दलालाला बक्षीसच ठेवले होते. बक्षीस गेले, पण उलाढालीवर पोसले जाण्याची वृत्ती तशीच आहे.

सरकारला बाजार आवरता येत नाही, असे कोणी सांगू नये. २० डिसेंबर २०२१ रोजी याच सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे एका आदेशाने बंद केले, कारण शहरात महागाईची ओरड होती. त्या बंदीला पुढे वर्षानुवर्षे मुदतवाढ मिळत राहिली. शेतमालाच्या वायद्यांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु सोयाबीनला चार पैसे अधिक मिळू लागताच जे सरकार वायदाबाजाराला कुलूप लावू शकते, तेच सरकार शेतकऱ्याचा मुलगा शेअरांच्या वायद्यात नागवला जात असताना व्यक्तिस्वातंत्र्याचे पुस्तक उघडून बसते, हा भेद वर्गीय आहे. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने वायद्याच्या सौद्याचा किमान आकार वाढवला आणि साप्ताहिक सौदे कमी केले. त्यानंतरही दहापैकी नऊ जण तोट्यातच आहेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, शेअरबाजारांचे शुल्क बंद दाराआड ठरू नये. महाराष्ट्रात विजेचे दर ठरवण्यापूर्वी विद्युत नियामक आयोगाला जनसुनावणी घ्यावी लागते. ज्या बाजारावर एका-दोन संस्थांची मक्तेदारी आहे, त्याच्या शुल्काचीही अशीच जाहीर सुनावणी व्हावी आणि तेथे ग्राहक संघटनांना बोलण्याचा अधिकार असावा. दुसरी, प्रत्येक गिऱ्हाइकाला दरमहा मराठीत एक पानाचा हिशेब मिळावा: वर्षभरात गमावले किती, दलाली किती, शुल्क किती, कर किती. तिसरी, अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीला वायद्याच्या व्यवहारात उतरवण्यापूर्वी त्याची ऐपत तपासण्याची कायदेशीर जबाबदारी दलालावर टाकावी, आणि ती न पाळल्यास नुकसान दलालाकडून वसूल करावे.

पण या मागण्या मंजूर होईपर्यंत वाट पाहत बसणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आपल्या शाखा आहेत किंवा सहानुभूतीदार आहेत. पीककर्जाचे अर्ज भरून देण्यासाठी आपण शिबिरे घेतो, तशीच शिबिरे या प्रश्नावर घ्यावीत. बुडालेला मुलगा घरी सांगत नाही. त्याला जुगारी म्हणून हिणवले तर तो अधिकच लपेल आणि तोटा भरून काढण्यासाठी पुन्हा त्याच फोनकडे वळेल. त्याला शेजारी बसवून त्याचे हिशेबपत्रक त्याच्यासमोर वाचावे, कोणत्या ओळीतून पैसा कोणाकडे गेला ते बोट ठेवून दाखवावे. सावकाराच्या वहीतील नोंदी आपल्या आधीच्या पिढीने शेतकऱ्याला वाचायला शिकवल्या. ही नवी वही वाचायला शिकवणे हे आपल्या पिढीचे काम आहे, आणि येत्या हंगामात कापसाचे पैसे घरात येण्यापूर्वी ते सुरू झाले पाहिजे.