कोंबडी बाईची, शेड बाप्याची

बचतगटाच्या बैठकीत जोडधंद्याचा विषय निघाला की पाहुणे साहेब दोनच नावं घेतात, कोंबड्या आणि परसबाग. जागा घरची, सांडपाणी घरचं, खरकटं घरचं आणि राबणारी बाईही घरचीच. सगळं फुकटात! शिरूर-दौंडच्या गावांत काम करताना मला हा 'फुकट' शब्द फार खुपतो.

कोंबड्या पाळू नका असं मी म्हणत नाही. उलट पाळाच. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, १०-१२ अंड्यांवर २१ दिवस बसून पिलं काढते. पोराच्या वहीला, दवाखान्याला, माहेरच्या एसटीला बाई एखादी कोंबडी विकते आणि त्याचा हिशेब सहसा कुणी मागत नाही. जमीन, गाय, डेअरीचं खातं पुरुषाच्या नावावर. डालग्याखालची कोंबडी तेवढी तिची. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातल्या निघाल्या. म्हणजे हा काही किरकोळ मामला नव्हे.

पण धंदा वाढला की काय होतं ते बघा. करारावरची शेड येते. पिलं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं आपलं. कर्ज जमिनीवर, जमीन नवऱ्याच्या नावे, म्हणून करारही त्याच्याच नावे आणि किलोमागे मिळणारे पैसे त्याच्याच खात्यात. भांडी धुणं, मेलेली पिलं वेचणं, रात्री दिवे बघणं हे मात्र तिच्याकडेच. पाच कोंबड्यांची मालकीण पाच हजार कोंबड्यांची बिनपगारी मजूर होते. याला प्रगती म्हणताना आपण जरा थांबायला हवं.

लहान कोंबडपालनाचीही एक अडचण आहे आणि ती बाईच्या आळसाची नाही. मानमोडी आली की खुराडं रिकामं होतं. लस स्वस्त आहे, पण एका कुपीत शंभराच्या वर मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती घेणार कशी? वस्तीनं मिळून दिवस ठरवला तरच जमतं. गटाचा उपयोग हप्ते गोळा करण्यापलीकडे इथं आहे.

परसबागेचंही तसंच. दौंडच्या कालव्याकाठी ऊस दारापर्यंत आला; तणनाशकानं बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा गेला. आता बाई भाजी बाजारातून आणते. तिकडे शिरूरच्या केंदूर, कान्हूर मेसाईसारख्या कोरडवाहू गावांत उन्हाळ्यात घागरीनं पाणी मोजायचं, तिथं दोडक्याच्या वेलाला कुठलं घालणार? बियाणाची पाकिटं वाटण्याआधी नळाचं बघा. (आणि वाफ्याला काटेरी कुंपण घाला. कोंबडी आणि मेथी एका परसात सुखानं नांदत नाहीत, हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.)

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं सीताशेतीचा विचार मांडला होता. बाईनं जमिनीच्या लहान तुकड्यावर विकतच्या खत-औषधाविना घरापुरतं पिकवायचं. पण त्याच काळात लक्ष्मीमुक्तीही होती, म्हणजे नवऱ्यानं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. आजच्या पोषणबागांनी पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोयीस्कर विसरली.

आणि अंडं खातं कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. अंडी, भाजी घरात आली तरी आधी बाप्ये, मग पोरं, उरलं तर ती. कोंबड्या मोजायला येणाऱ्या कार्यकर्त्यांनी हाही प्रश्न विचारावा, सासूसमोर आणि नवऱ्यासमोर.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत निदान दोन कामं घ्या. ज्यांच्या घरी शेड होणार आहे, त्यांनी करार आणि बँकखाते दोघांच्या नावे मागावं. आणि वस्तीच्या लसीकरणासाठी जनावरांच्या दवाखान्यात गटाचा लेखी अर्ज द्यावा, मानमोडी यायच्या आधी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.