एका गाण्यासाठी अख्खी कॅसेट

दुपारी भाजी निवडताना मोबाईलवर जुनी भावगीतं लावायची, हा आमच्या घरचा नेम. सासूबाईंच्या आवडीच्या पंचवीसेक गाण्यांची यादीच मी त्यात करून ठेवली आहे. परवा त्यातलं नेमकं एक गाणं करड्या अक्षरांत दिसायला लागलं. कितीदा बोट टेकवलं, पण वाजेल तर शपथ!

"अगं, कालपर्यंत तर होतं!" सासूबाई म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. ते मामंजींचं आवडतं गाणं. मामंजींना जाऊन आता चार वर्षं होतील.

मैत्रिणींनो, तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय. गाणं विकत घ्यायचं म्हणजे आपण नक्की काय घेतो?

सासूबाईंच्या माहेरी रेकॉर्ड-प्लेअर होता. मोठ्या एलपीवर दहा-बारा गाणी असत, पण ती महाग. म्हणून त्यांचे वडील लहान तबकडी आणत. या बाजूला दोन, त्या बाजूला दोन, अशी चार गाणी. "हवं असायचं एकच, बाकीची तीन पदरात पडायची. पण तीही पाठ व्हायची हो!" असं त्या सांगतात.

आमच्या लहानपणी हीच तऱ्हा कॅसेटची. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. त्यात चौदा गाणी! आम्हा बहिणींना हवी होती दोन-तीनच. पण बाबांचा खाक्या असा, की पैसे मोजलेत तर दुसरी बाजूही ऐकायची. शिवाय कॅसेट पुढे पळवायची म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. त्यापेक्षा ऐकलेलं बरं! असं ऐकता ऐकताच नावडती गाणी आवडती झाली.

सुटी गाणी हवीच असतील, तर कोपऱ्यावरच्या दुकानात यादी द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची. हे कायद्यात बसत नाही, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

१९९८ साली आलेला 'गारवा' आठवतो ना? आधी सौमित्रच्या आवाजात कविता, मग मिलिंद इंगळे यांचं गाणं. ते ओळीनं ऐकण्यातच खरी गोडी. त्यातलं एकच गाणं उचलून ऐकणं म्हणजे फोडणीशिवाय वरण!

डिसेंबर २०१२मध्ये आयट्यून्सचं दुकान भारतात सुरू झालं. त्याच सुमाराला इतरही काही ठिकाणी इंटरनेटवर सुटं गाणं विकत मिळायला लागलं. जुडी नको, हव्या तेवढ्या काड्या घ्या! मला कोण आनंद झाला होता. नव्या संसारात काटकसर करून एकेक करत वीस-बावीस गाणी घेतली. पुढे फोन बिघडला आणि सगळी गेली. दुसरीकडे उतरवून ठेवायची अक्कल सुचली नाही, दुसरं काय!

आता तर विकत घेणंच उरलं नाही. स्पॉटिफाय २०१९मध्ये आपल्याकडे आलं, त्याआधी आपली देशी अ‍ॅप्स होतीच. दरमहा पैसे भरा, नाहीतर जाहिराती सोसा, आणि लाखो गाणी ऐका. पण हे भाड्याचं घर आहे, हे आपण विसरतो. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीचा आणि अ‍ॅपचा करार संपला, की गाणं यादीतून जातं. आपण किती वर्षं भाडं भरलं, हे कोण विचारतो?

मी काही नव्याच्या नावानं बोटं मोडत नाही हं. सासूबाईंच्या त्या पंचवीस गाण्यांसाठी पूर्वी कपाट भरून कॅसेटी घ्याव्या लागल्या असत्या. आणि सुटं गाणं तरी वाईट कुठं? १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, ते आठवड्याला एकच गीत, अशी छप्पन्न गीतं. पण त्या एका गीताची लोक आठवडाभर वाट पाहत. माझ्या शाळेतल्या मुलींना मात्र स्नेहसंमेलनासाठी गाणं निवडताना धृपदाच्या पुढचं येतच नव्हतं. पहिलं कडवं सुरू व्हायच्या आत बोट पुढच्या गाण्यावर!

शेवटी रविवारी ह्यांनी माळ्यावरून मामंजींचा खोका काढला. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. ती कॅसेट सापडली, खरखर करत का होईना, वाजली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गाणं संपलं. मी बंद करायला हात पुढे केला, तर "थांब," म्हणाल्या, आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची ओळ गुणगुणायला लागल्या. माझी लेक चकितच झाली. "आजी, तुला कसं कळलं पुढे कुठलं आहे?"

आता सासूबाई रोज एक बाजू ऐकतात. मोबाईलही आहेच दिमतीला.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. घरात ज्या गाण्यावाचून कुणाचं अडतं, ते भाड्यावर ठेवू नका. सीडी मिळाली तर घ्या, किंवा गाणं रीतसर विकत घेऊन दोन ठिकाणी उतरवून ठेवा. जुन्या कॅसेटी उन्हापासून, दमटपणापासून आणि स्पीकरपासून दूर, उभ्या ठेवा. वर्षातून एकदा पूर्ण फिरवा, म्हणजे फीत चिकटत नाही. आणि महिन्यातून एका रविवारी एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न बदलता लावा. मुलं आधी कुरकुरतील. कुरकुरू देत! आम्हीही बाबांपुढे कुरकुरलोच होतो.